एक बंडी, दोन देवळं

आमच्या खानदानात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मी उगाच मान खाली घालत नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं. देवाची कृपा कोणाला मिळते, तारण कसं होतं, यावर ख्रिस्ती लोकांत किती मतं आणि किती भांडणं, ते इंग्रजीतल्या जाड पुस्तकांत वाचलं. वाचताना हसू येई. ते सगळे वाद मी लहानपणी वांग्याच्या वाफ्यात उभी राहून ऐकले होते. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला बाबा.

आमचा मळा वाशीमकडच्या मालेगावजवळ. बाबा माळी घरातले, जवानीत ख्रिस्ती झालेले. त्यांच्या मंडळीचं म्हणणं असं की, माणसाला आधी समज यावी, त्यानं स्वतः विश्वास ठेवावा आणि मग नदीत पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा. देवानं एकदा कृपेनं धरलं की तो सोडत नाही. माय वाढली दुसऱ्या मिशनच्या अनाथाश्रमात. मोठ्या दुष्काळात कोणीतरी तिला रस्त्याच्या कडेवरून उचलून आणलं होतं. आईबाप कोण, जात कोणती, काही ठाऊक नाही. तिथंच लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झाला. तिच्या मंडळीत सांगत, की कृपा अजाण लेकरालाही मिळते, पण मिळालेली कृपा माणूस आपल्या वागण्यानं गमावूही शकतो. तेव्हा जपून चालावं.

दोडक्याचे वेल मांडवावर चढवताना बाबा मुद्दाम विषय काढत, की मांडवानं वेल धरलाय, वेलानं मांडव नाही. हातातलं काम न थांबवता माय म्हणे, "येल धरून राह्यते म्हनून वर हाय. सोडून तं पाहू द्या त्याले."

इथवर गंमत होती. पण गोष्ट तिच्या बाप्तिस्म्यावर आली की ती चिडे. बाबांच्या मंडळीला तो खरा वाटत नव्हता. पुन्हा घे, नदीत घे, असं त्यांच्या पाळकांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं.

"मले रस्त्यावरून उचललं, पेज पाजली, तवा कोनं इचारलं काय का पोरी, तुले समजते काय? माहे डोळेबी उघडत नव्हते. थे किरपा खोटी होती काय?"

यावर बाबा मोटेकडे निघून जात.

आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. बाबांचं देऊळ मालेगावात, मायचं वाशीमच्या वाटेवरच्या एका खेड्यात. बंडी एक, बैलजोडी एक. म्हणून एक रविवार बाबांचा आणि पुढचा मायचा. गाणी, प्रार्थना, उपदेश हे सगळं दोघं जोडीनं ऐकत. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातला पोळीचा तुकडा खायची वेळ आली की एकाला उठावं लागे. बाबांच्या देवळात मायला तो तुकडा मिळत नसे. मायच्या देवळात बाबांना मिळाला असता, पण त्यांच्या पाळकांची मनाई होती. जो उठे तो बाहेर येऊन बंडीत बसे आणि बैल राखे. मी सदा बाहेरच. माझा बाप्तिस्मा कुठं करायचा यावर दोघांचं जुळलंच नव्हतं, त्यामुळे मी दोन्हीकडून कोरडी.

बाबांच्या रविवारी माय बंडीत बसून आतलं गाणं आतल्या लोकांपेक्षा मोठ्यानं म्हणे. पण बाबा बाहेर आले की ती त्यांच्याकडे बघत नसे. कासरा त्यांच्या हाती देई आणि मागं सरकून बसे. तिला काय हवं होतं ते मला त्या वयातही कळत होतं. नवऱ्याच्या शेजारी बसून एकाच ताटातला तुकडा खायचा होता, आणि त्यासाठी आपली पहिली कृपा खोटी म्हणायची नव्हती.

एका उन्हाळ्यात दोन्ही मिशनांनी मिळून आमराईत मेळा भरवला. केनवडकडून, धनजकडून बंड्याच बंड्या आल्या. बाबांनी वांग्यांची पोती नेली होती आणि भाजीची तारीफ होईल तिथं जाऊन उभे राहत होते. संध्याकाळी प्रभुभोजन होतं. दोन्ही मिशनांच्या गोऱ्या साहेबांनी आधीच ठरवलं होतं, की या आंब्याखाली यांचे लोक बसतील आणि त्या आंब्याखाली त्यांचे.

पण सतरंज्या घालणारी माणसं आमचीच. त्यांना जेवणाच्या सतरंज्या एकाच तऱ्हेनं घालता येत. दुपारी घातल्या तशाच त्यांनी संध्याकाळीही लांबच लांब घातल्या, आणि लोक घराघरानं, बायकापोरांसकट पंगत धरून बसले. कोण शिंपडलेला आणि कोण बुडवलेला, ते तोंडावरून ओळखू येईना. उठा म्हणायची कोणाची छाती होईना. पंगत बसलेली होती.

शेवटी दोन पाळक दोन टोकांनी आपापलं ताट घेऊन निघाले. आपला माणूस दिसेल त्याला द्यायचं, असा त्यांचा विचार असावा. तो थोड्या वेळातच मोडला. हात पुढे येत गेले आणि ते तुकडे ठेवत गेले.

माय-बाबा मधोमध बसले होते, मी मायच्या मागं. तिच्या बाजूच्या टोकाकडून आले ते नेमके बाबांचे पाळक. साऱ्या पंगतीत कोण कोणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मायला ते चांगलं ओळखत होते. तिच्यासमोर ते थांबले. मायला सवयच होती. तिनं पदर सावरला आणि उठू लागली.

बाबांनी तिचा हात धरला. बाप्तिस्मा झाल्यावर चुलतभावाच्या लग्नात भरल्या ताटावरून त्यांना उठवलं होतं. घरात त्यांनी ते एकदाच सांगितलं होतं, आणि सांगतानाही ते खाली बघत होते. आता मात्र ते सरळ पाळकांकडे बघत म्हणाले, "बस वं. पंगतीतून उठवलं का मानसाले कसं वाटते, थे मले माईत हाय."

माय बसली. पाळक तसेच उभे. मागं कोणाचं तरी पोर रडत होतं. मग ते वाकले, तिच्या हातावर तुकडा ठेवला आणि हळू म्हणाले, "घ्या, बाई." त्याच ताटातला पुढचा तुकडा बाबांना दिला. माय खाताना रडली असं बाबा पुढं सांगत. मी मागं होते, मला फक्त तिची पाठ दिसली. ती ताठ होती.

साहेबांनी नंतर पाळकांना जाब विचारला. पाळक म्हणाले म्हणे, की ताट पंगतीत आलं म्हणजे मी नुसता वाढपी, वाढप्यानं माणसं निवडायची नसतात. नियम काही बदलला नाही. आजही त्या दोन मंडळ्या बाप्तिस्म्यावर भांडतात, आणि दोघींची बाजू मी पुस्तकाबरहुकूम मांडून दाखवू शकते.

पुढचा रविवार बाबांचा होता. प्रभुभोजन आलं. माय उठली नाही, आणि ताट तिच्यापाशी आलं तेव्हा पाळकही थांबले नाहीत. हे बघायला मी बंडी सोडून दाराशी आले होते. सगळे बाहेर आलो तर देवळालगतच्या पाळकांच्या ओसरीसमोर आमचे बैल निवांत उभे. पाळकांनी हौसेनं लावलेली चवळी बुडापासून साफ झाली होती. बी बाबांनीच दिलेलं होतं.

पाळक कमरेवर हात ठेवून वाफ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, तुमी भायेर बसत होत्या तवा माह्या चवळीले बरं होतं."

माय बंडीत चढत होती. तिथूनच म्हणाली, "भेटलं थे राखाव लागते, पाळकबावा. आमच्या मंडळीत हेच तं सांगून राह्यले."

बाबा इतके हसले की त्यांना बैल जुंपता येईनात. पाळकही हसले, जरा उशिरानं.