हद्दीच्या दगडापलीकडचा चेंडू

जे आजवर कुणालाही सांगितलं नाही, घरच्या माणसालासुद्धा नाही, ते आज लिहून टाकतो. साऱ्या माळव्यात माझ्या थोरल्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस झाला नाही, आणि त्यांना अख्ख्या देवास गावात खोटं ठरवणारा माणूस मी. याचा पहिला भाग वाचून त्यांना ओळखणारी दोनचार म्हातारी मंडळी मान डोलावतील, आणि दुसऱ्या भागाशी येऊन थांबतील. थांबू देत. इतकी वर्षं मी थांबलो आहे.

आम्ही दोघे धारेचे जावई. त्यांना थोरली मुलगी दिलेली, मला धाकटी. म्हणून ते मला जन्मभर ‘धाकटे’ म्हणत आले. देवासच्या मोजणी कचेरीत ते मोजणीदार आणि मी त्यांच्याच हाताखाली कच्चा कारकून. मोजणी हा त्यांचा धंदा नव्हता, स्वभाव होता. देवळात गेले तरी प्रदक्षिणेची पावलं मोजत आणि गाभाऱ्याची उजवी भिंत डावीपेक्षा चार बोटं आखूड आहे हे पुजाऱ्याला दर सोमवारी नव्यानं सांगत. जेवायला बसले की पोळी उचलून डोळ्यांसमोर धरत आणि म्हणत, “आजची कालच्याहून बोटभर लहान.” यात तक्रार नसे, नुसती नोंद असे, पण आमच्या अक्का, म्हणजे त्यांचं कुटुंब, लाटणं आपटून विचारत, “मग साखळी आणू का मोजायला?” आणि हे गंभीरपणे सांगत, “साखळी जमिनीला. पोळीला वीत पुरते.” एका व्याह्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं, “काय, बासुंदी कशी झालीय?” सगळी पंगत वाहवा करीत होती. हे म्हणाले, “बरी आहे. उत्तम म्हणता येणार नाही.” व्याही सहा महिने बोलत नव्हते. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजत, हे मोजणीची लोखंडी साखळी पुजत, तिला झेंडूची माळ घालत आणि वर्षभरात आपल्या हातून कुणाची वीतभर जमीन चुकून इकडची तिकडे झाली असली तर तिची क्षमा मागत.

आमचं देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोन शिक्के. काही ठिकाणी रस्त्याची ही बाजू एकाची आणि ती बाजू दुसऱ्याची. बाकीचे लोक या भानगडीतून बोलाचाली करून वाट काढत. साडूंना ते मान्य नव्हतं. एकदा वैशाखातल्या वावटळीत त्यांची छत्री हातून सुटली आणि रस्त्यापलीकडच्या चिंचेवर जाऊन अडकली. चिंच धाकट्या पातीची, आम्ही थोरल्या पातीचे नोकर. फांदीला हात पोचत होता. मी पुढे झालो तर म्हणाले, “धाकटे, मागे या. परमुलखातली वस्तू आहे ती आता.” कचेरीत येऊन त्यांनी मोडीत रीतसर अर्ज लिहिला, छत्रीची लांबी-रुंदी, काड्यांची संख्या आणि फांदीची उंची देऊन. अकरा दिवसांनी पलीकडचा शिपाई छत्री घेऊन आला. ते अकरा दिवस हे उन्हातून डोक्यावर ओला पंचा टाकून हिंडले. छत्री मिळाल्याची पोच लिहून दिली, तीत ‘एक काडी वाकलेली’ असं नमूद केलं आणि मगच ती उघडली.

लोक हसायचे, पण याच हसण्यातून एक गोष्ट निघाली. दोन्ही पात्यांमध्ये गावाबाहेरच्या शेतांच्या हद्दीवरून जुना वाद होता. अखेर असं ठरलं की दोन्ही दरबारांनी मिळून एकच मोजणीदार नेमायचा आणि तो दाखवील ती हद्द. दोन्हीकडून एकच नाव आलं, आमच्या साडूंचं. दोन पात्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं गावानं तेव्हाच पाहिलं. मध्यस्थ म्हणून आलेल्या साहेबाची तेवढी शिफारस व्हायची राहिली होती. साडूंनी त्या दिवसांत नवी पगडी बांधून घेतली. दोन शिक्क्यांची सनद! ते अक्कांना म्हणाले, “एवढं झालं की मी आयुष्यात काही मागणार नाही.” अक्का म्हणाल्या, “आधीही कधी मागितलंत म्हणा!”

हा साहेब स्कॉटलंडातला, समुद्रकाठच्या गावचा. तिथं वाळूच्या टेकड्यांवर गोल्फ खेळतात. त्या जमिनीला ते लोक ‘लिंक्स’ म्हणतात. साहेबाला त्या जमिनीची फार आठवण येई. त्यानं टेकडीखालच्या माळावर तसंच मैदान करायचं ठरवलं आणि मापं घ्यायला साडूंना बोलावलं. साडूंनी पहिला प्रश्न विचारला, “साहेब, समुंदर किधर रखना?” साहेब म्हणाला, समुद्र राहू दे, थोडी वाळू असली तर बरं. साडूंनी क्षिप्रेहून बैलगाड्या भरून वाळू आणवली आणि साहेबाच्या पुस्तकातल्या मापाबरहुकूम खड्ड्यांत भरली. दोन दिवसांत गावातल्या बायकांनी निम्मा समुद्र भांडी घासायला नेला. माळाच्या एका कडेला पात्यांची हद्द होती. तिथं साडूंनी चुना फासलेले दगड बसवले आणि स्वतःच्या हातानं नियम लिहिला: दगडापलीकडे गेलेला चेंडू परमुलखात गेला असं समजून खेळणाऱ्यानं मागे यावं, एक फटका दंड घ्यावा आणि पुन्हा मारावं. अर्ज करायची सोयही त्यांना घालायची होती. साहेबानं हात जोडले म्हणून ती गाळली.

मग साहेबाला वाटलं की पहिला डाव मैदान आखणाऱ्यासोबतच खेळावा. पौषातली सकाळ होती, शेतांत हरभरा उभा होता. साडू नवी पगडी, अंगरखा आणि कमरेला घट्ट बांधलेलं उपरणं अशा थाटात आले. गोल्फची काठी त्यांनी आधी वितींनी मोजली. चेंडूला नमस्कार केला. मग असा काही घाव घातला की ढेकूळ उडालं, पगडी उडाली आणि चेंडू होता तिथंच राहिला. “एक,” साडू म्हणाले. दुसऱ्या घावाला ढेकूळही उडालं नाही. “दोन.”

साहेब हसू दाबत म्हणाला, “पंडितजी, पहला दो मारना माफ.”

“माफ कैसा? मारा सो मारा,” साडू म्हणाले, आणि पगडी झटकून पुन्हा उभे राहिले.

जवळच शेळ्या चारणारा एक म्हातारा हे पाहत उभा होता. तो मला म्हणाला, “भिया, यो कई खेल है? गेंद खुद फेंको ने खुदज ढूँढो!” पहिल्या खळग्यात चेंडू पडला तेव्हा साडूंचे तेवीस फटके झाले होते आणि ते तेवीसही त्यांनी मोठ्यानं, गंभीरपणे, एकही न चुकता मोजले होते. साहेबाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. पण मग त्यानं काठी खाली टेकली आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “मेरे मुल्क में बडे बडे लोग तेईस मारके नौ बोलते.” मला त्या क्षणी वाटलं, शिफारस झाली.

चौथा खळगा हद्दीच्या कडेचा. चेंडू कुठं पडतो ते बघायला मला पुढं पाठवलेलं, दगडांजवळच्या बाभळीपाशी. आणि तिथं साडूंच्या हातून जन्मात एकदाच व्हावा असा फटका झाला. चेंडू घारीसारखा वर गेला आणि डोक्यावरून येऊन माझ्यासमोर पडला. दगडापलीकडे. फार नाही, तीन हात.

मी तो पायानं अलीकडे सरकवला.

का, हे मी स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. एवढा सुंदर फटका वाया जाऊ नये म्हणून, प्रेमानं, असं बरीच वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर मला भूक लागली होती, ऊन चढत होतं, आणि मागे जाऊन ते पुन्हा तेवीस मोजतील या विचारानंच माझे पाय दुखायला लागले होते. मला सगळा खेळ पोरकट वाटत होता. चेंडू तो काय, आणि तीन हात ते काय!

साडूंचे डोळे उन्हात साखळ्या ओढून अधू झालेले. जवळचं केसाइतकं बारीकही दिसे, लांबचं सगळं धुकं. ते बाभळीला वळसा घालून धापा टाकत आले. मी नुसतं बोट दाखवलं. चेंडू त्यांच्या पायांपाशीच, दगडाच्या अलीकडे. त्यांनी दगड पाहिला, चेंडू पाहिला, आणि लहान मुलासारखे हसले. “धाकटे! आपल्याच हद्दीत! बघा, हात बसला!”

साहेब मागून आला. तो हसत नव्हता. त्यानं उंचावरून चेंडू दगडापलीकडे पडताना पाहिला होता; पुढचं सगळं बाभळीआड झालं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, “पंडितजी, गेंद उधर गिरा था. आपने हटाया?”

“नहीं साहब. इधरही था.”

“मेरे मुल्क में इस खेल पर कोई पहरा नहीं देता. जो खेलता है, वही गिनता है.”

“मालूम है, साहब,” साडू म्हणाले. त्यांना साहेब काय म्हणतोय ते अजून समजलंच नव्हतं. “ये हमारे साडू यहीं खडे थे. पूछ लीजिए.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी कच्ची होती. ती पक्की करायचा कागदही साहेबाच्याच शिफारशीला जायचा होता. मी म्हणालो, “मेरा ध्यान नहीं था, साहब.”

माझं कामच ध्यान ठेवण्याचं होतं. साहेबानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. नातेवाईक नातेवाइकाला झाकतोय असं त्याला वाटलं असणार. म्हणजे माझ्या त्या एका वाक्यानं साडू खोटे ठरले आणि मी भला. तो एवढंच म्हणाला, “जैसा आप कहें,” आणि आपला चेंडू मारायला वळला.

शिफारस झाली नाही. सनदही निघाली नाही. आठवड्याभरात गावात पसरलं की एका चेंडूसाठी हद्द सरकवणारा माणूस जमिनीचं काय करील? दोन्ही पात्यांनी आपापले मोजणीदार पुन्हा वेगळे केले. पत्ते खेळताना कुणी पान लपवलं की लोक ओरडायचे, “अरे, मोजणीदार झालास की काय?” साडू समोरून जात असले तरी ओरडायचे. माझी नोकरी पक्की झाली. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, उलट माझी समजूत घातली, “साहेबापुढं भल्याभल्यांची जीभ वळत नाही, धाकटे. तुमचा काय दोष?” वर्षाच्या आत ते अक्कांना घेऊन धारेला सासुरवाडीजवळ जाऊन राहिले. तिथं तलावाच्या पाळीची डागडुजी मोजायचं साधं काम त्यांना मिळालं.

मी सणावाराला जात असे. पुष्कळ वर्षांनी एकदा गेलो तर दुपारी साडू अंगणातली ओटी मोजत बसले होते. एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली, मग अक्कांना हाक मारली, “जरा बघता का हो, साडेसात हातच ना?” अक्का पदराला हात पुसत आल्या, बघून “साडेसात” म्हणाल्या आणि आत गेल्या. मी चकित झालो. हा माणूस आयुष्यात दुसऱ्यांदा काही मोजत नसे.

माझी नजर त्यांनी ओळखली. साखळीची कडी बोटांत फिरवत म्हणाले, “एक विचारू, धाकटे? मी त्या सकाळचा पुष्कळ विचार केला. साहेब खोटं बोलणारा नव्हता. त्यानं पलीकडं पडलेला पाहिला म्हणजे पलीकडंच पडला. मग अलीकडं कसा आला? बाभळीला वळसा घालून मी घाईनं आलो. माझाच पाय लागला असेल का हो? नकळत? तुम्ही तिथं होतात म्हणून विचारतो.”

अंगणात आम्ही दोघेच होतो. साहेब केव्हाच मायदेशी गेला होता, नोकरी पक्की होऊन मी हेडकारकून झालो होतो, मला कुणाचं काही भय उरलं नव्हतं. मी म्हणालो, “जाऊ द्या हो. जुनी गोष्ट झाली.”

त्यांनी हळूहळू मान हलवली. माझ्या त्या बोलण्याचा अर्थ त्यांनी ‘होय’ असा घेतला, हे मला दिसलं. दिसूनही मी पाण्याचं भांडं उचललं आणि प्यायलो.

गेल्या वर्षी साडू गेले. मी तेराव्याला धारेला होतो. मंडळी उठून गेल्यावर अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “शेवटी शेवटी एकच घोकत होते. म्हणायचे, जन्मात एकदाच खोटं बोललो आणि तेही मला कळलं नाही. तुम्हीच सांगा भाऊजी, हा माणूस खोटं बोलेल?” मी म्हणालो, “नाही, अक्का.” एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गाडीवाल्यानं हाक मारली आणि मी उठलो. गाडीवाला थांबला असता.

अक्का अजून धारेला आहेत. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे इथं छापून आलं म्हणून माझी सुटका होत नाही. चेंडू मी सरकवला, त्यांनी नाही, हे त्यांच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगणं मी अजून देणं लागतो.