पियानोखाली लिहिलेलं खोटं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्यासोबत रोज सकाळी चहा पितो त्या दोस्तालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण अनोळखी माणसांना सांगायला गेलो, त्यातूनच तर हे सगळं झालं.

जालना जिल्ह्यात मंठ्यात माझं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी आतली करपलेली तार काढून नवी तांब्याची तार भरून देतो. काम हाताचं आणि डोळ्यांचं, कान रिकामे. म्हणून फोनची वायर कानात घालून बसतो. एक गाणं संपलं की फोन आपला आपण दुसरं लावतो. असंच एका दुपारी काहीतरी लागलं. शब्द नव्हते. पेटीसारखं वाटलं, पण पेटी नाही — पियानो. पियानो मी आजवर डोळ्यानं पाहिलेला नाही. इतकं हळू वाजत होतं की एक सूर विरला की वाटायचं, आता पुढचा काही येत नाही. मग यायचा. हातातली तार तशीच राहिली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

कशासाठी? तेच तर सांगता येत नाही. आईवडील ठणठणीत, पोरगी शाळेत गेलेली, बायको मागच्या खोलीत मेथी निवडत बसलेली. दुःख म्हणावं असं काही नव्हतं.

मग फोनवर त्या पियानोच्या खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला लागलो. बहुतेक इंग्रजी, पण फोन मराठी करून देतो. कुणाचा मुलगा गेला होता. कुणी आईच्या उशाशी हे लावायचं. एका बाईनं लिहिलं होतं, नवऱ्याचा हात हातात घेऊन ती हे ऐकत बसायची, आणि एक दिवस हात गार लागला. खाली कुठली कुठली माणसं तिला धीर देत होती. प्रत्येकाच्या रडण्याला एक नाव होतं. आणि मी? एवढा हुंदका आला आणि कारण नाही? मला — हसू नका — लाज वाटली.

मी मराठीत लिहिलं. काय लिहिलं ते सांगायलाच बसलोय, तरी बोट थबकतंय.

मी लिहिलं, माझी बायको गेली. शेवटच्या दिवसांत ती हेच ऐकायची.

अनिता आत मेथी निवडत होती.

संध्याकाळपर्यंत हात जोडलेले, फुलं, 'धीर धरा' असं सगळं येऊन पडलं. मला बरं वाटलं. ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती विचाराल तर ही — मला बरं वाटलं. पुसावंसं वाटलंच नाही.

दोन दिवसांनी माझ्या त्या ओळींखाली एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मराठीत लांबलचक लिहिलं. मुरलीधरराव त्यांचं नाव. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं थानं उलगडण्यात आयुष्य गेलेलं. बायको सुमन, दोन वर्षांमागं गेलेली. तिच्याबद्दल लिहिलं होतं, की घरी यायला कितीही उशीर झाला तरी दार कधी वाजवावं लागलं नाही, चपलांच्या आवाजावर उघडायची. आणि शेवटी, 'आता कुलूप मलाच काढावं लागतं.' इतकं साधं लिहिलं होतं. लोकांनी त्यांनाही उत्तरं दिली, माझ्यापेक्षा जास्त.

त्यांनी माझा नंबर मागितला, मी दिला; दुकान कुठं तेही सांगितलं. दुपारी फोन यायला लागला. "म्या कधी कुठं चार ओळी लिहिल्या न्हाईत भाऊ," ते म्हणाले, "तुमचं वाचलं म्हणून हात उठला. आता रोज उघडून वाचतो. सुमनबद्दल तेवढंच लिहिलेलं हाये बघा."

मग विचारायचे, वहिनी कशा होत्या? आणि मी सांगायचो! रागावली की भांडी आपटायची नाही, उलट फार हळू ठेवायची. कपडे वाळत घालताना चिमटे दातांत धरायची आणि तशीच बोलायची, एक अक्षर कळायचं नाही. हसताना तोंडावर हात घ्यायची. सगळं खरं. खोटं फक्त 'होती' एवढंच. ह्यातली एक गोष्ट तरी मी तिला समोर बसवून कधी सांगितली होती का? नाही. एकदा फोन चालू असताना आतून तिची हाक आली, "अहो, जेवायला चला की!" मुरलीधररावांनी — मी त्यांना काका म्हणायचो — विचारलं, कोण? मी म्हणालो, बहीण आलीय राहायला.

हे जवळजवळ वर्षभर चाललं. मध्ये कधीतरी त्यांनी वहिनी गेल्याची तिथी विचारली होती आणि मी तोंडाला आली ती ठोकून दिली होती — कोजागिरीचा दुसरा दिवस. सांगितली आणि विसरलो. ते विसरले नाहीत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या गावात विहिरीतून मोटार काढायला गेल्तो. परत आलो तर घराच्या ओसरीत खुर्चीवर एक बारकेसे, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ बसलेले. आवाजावरून ओळखायची गरजच पडली नाही. समोर चहाची कपबशी, चहा तसाच, वर साय धरलेली. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. पिशवीच्या तोंडातून चंदनाचा हार दिसत होता. फोटोला घालतात तो.

अनिता दारात उभी. "हे कवाचे थांबलेत तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मला म्हणले, तुम्ही बहीण का त्यांच्या? म्या म्हणलं न्हाई, घरवाली. तवापासून काही बोलूनच न्हाई राह्यले."

मी काकांकडं बघितलं. त्यांनी पिशवीचं तोंड हातानं मिटलं. तिथंच, तिच्यासमोर, ते एक शब्द बोलले असते तरी मला चाललं असतं — खरंच असं वाटतं का मला? नाही. मी आतून हात जोडत होतो, की बोलू नका.

"इकडं जरा काम होतं," ते अनिताला म्हणाले, "म्हणलं भाऊला भेटून जावं. येतो ताई. चहा चांगला होता."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. जालन्याची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून ते वळले. मला वाटलं आता शिव्या देतील.

"त्या हायेत, हे बराबर झालं भाऊ," ते म्हणाले. "चांगलं झालं." पिशवी काखेत घेतली. "माझी मात्र गेली."

आणि आत जाऊन बसले. खिडकीतून बघितलं नाही.

घरी आल्यावर अनितानं विचारलं, कोण होते हो? मी म्हणालो, जुनं गिऱ्हाईक. त्याच दुपारी दुकानात बसून मी ती कमेंट पुसली. भीती वाटत होती, कधीतरी पोरीच्या नजरेला पडेल. पुसली तशी तिच्याखालचं सगळंच गेलं — लोकांचे जोडलेले हात गेले, आणि मुरलीधररावांनी सुमनबद्दल लिहिलेलंही गेलं. असं होतं हे मला माहीत नव्हतं. पण हेही खरं, की पुसताना त्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. सकाळीच तो माणूस माझी लाज झाकून गेल्ता, आणि दुपारी तो माझ्या मनात नव्हता.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. मी उचलला. त्यांनी ओसरीचा विषय काढला नाही, हाराचा नाही, कशाचाच नाही.

"भाऊ, एक विचारायचं होतं. ते सुमनचं लिहिलेलं दिसूनच न्हाई राह्यलं. तुम्ही काही केलं का?"

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? एवढं होऊनही त्यांनी मला विचारलं होतं, विश्वासानं, घरातल्या माणसाला विचारावं तसं. मी म्हणालो, "न्हाई काका. ते आपोआप जातं कधी कधी."

"हो का," ते म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर फोन आला नाही. मी दोनदा लावला, उचलला गेला नाही. पुढं माल आणायला जालन्याला गेलो तेव्हा त्या कापडाच्या गल्लीत चौकशी केली. कळलं, त्यांच्या पोरीनं सोबत नेलं त्यांना. कुठं, ते मी विचारलं नाही. पत्ता मिळाला असता तर जावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मागच्या महिन्यात लाइट गेलेली होती, हाताला काम नव्हतं. मी तेच लावून बसलो होतो. अनिता दुकानात आली, बाजूच्या स्टुलावर बसली. "मलाबी ऐकू द्या की," म्हणाली आणि वायरचं एक टोक तिनं कानात घातलं. तिनं ते पूर्ण ऐकलं. संपलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"काय की बाई," ती म्हणाली, "उगाच रडू आलं." पदरानं डोळे पुसले, जरा हसली, तोंडावर हात घेऊन, आणि भाकरी टाकायला आत गेली.

मी तिथंच बसलो होतो. तेव्हाही मी तिला काही सांगितलं नाही.