न घासलेलं पातेलं

चहा घ्या आधी. आणि एक सांगून ठेवतो, मधे हसायचं नाही. हसालच तुम्ही, माहीत आहे मला, पण निदान कप खाली ठेवून हसा. माझी जी अब्रू गेली ना, ती कपापासूनच गेली.

वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालो आणि घरी बसून बायकोला कामं शिकवायला लागलो. हा डबा इथं का, ते झाकण असं का? तोंडानं सगळं करायचो हो. हातानं? आयुष्यात एक कप विसळला असेल तर शपथ! शेवटी हीच म्हणाली, "अहो, बाहेर जाऊन कुणाचं तरी भलं करा. माझं आपोआप होईल."

नेमके तेव्हाच आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यानं स्वयंसेवक मागितले. चोरी झाली, अपघात झाला की माणूस हादरलेला असतो. पोलीस तपासाला लागतात, त्याच्याजवळ बसायला कुणी नसतं. ते आपण करायचं. पाणी द्यायचं, ऐकून घ्यायचं, "तुमची काही चूक नाही" म्हणायचं, आणि पडेल त्या कामाला हात लावायचा.

एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला फौजदार गायकवाड मॅडम. सकाळी मी पहिल्या रांगेत, वहीत टिपणं वगैरे. दुपारी जेवायला नान-खलिया. आता तुम्हीच सांगा, नान-खलिया चापल्यावर कोण जागं राहील? मी डोळे उघडले तेव्हा मॅडम विचारत होत्या, "हा तास सगळ्यात महत्त्वाचा होता. समजलं ना सगळ्यांना?"

सगळ्यात मोठ्यानं "हो!" कोण म्हणालं असेल?

संध्याकाळी निळं जाकीट मिळालं. ते घालून मी दोनदा उगाचच भाजी आणायला गेलो.

आठ दिवसांनी पहिलीच केस आली कौसल्याबाईंची. दोन गल्ल्या सोडून राहतात, एकट्याच. दवाखान्यात नर्स होत्या. दोन दिवस बहिणीकडे गंगापूरला गेल्या, सकाळच्या एसटीनं परत येतात तर कुलूप तुटलेलं, कपाट उघडं, साड्या जमिनीवर. आणि कपाटातली बोरमाळ गायब.

मी गेलो तेव्हा बाई खुर्चीत ताठ बसलेल्या. रडत नव्हत्या, तेच जास्त वाईट वाटत होतं. मी पाणी दिलं, "तुमची काही चूक नाही" म्हणालो.

"माझ्या लेकीची व्हती ती," म्हणाल्या. "लेक राहिली नाय. पंधरा दिवसांनी नातीचं लगीन हाय. आईची म्हणून तिच्या गळ्यात घालायची व्हती. बाकी काय बी नेलं असतं तरी चाललं असतं मला."

मग त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

"आन् ते बघा! माझ्याच घरात बसून चहा पिऊन गेले मुडदे!"

ओट्यावर दोन उष्टे कप, बिस्किटाचा पुडा, चहाचं करपलेलं पातेलं. खाली गुटख्याच्या पुड्या. त्या बाईनं हे बघत बसायचं? माझ्यातला स्वयंसेवक जागा झाला. जागं राहायच्या वेळी झोपलेला, नको तेव्हा जागा झाला!

"ताई, तुम्ही बसा. मी आत्ता सगळं आवरतो."

"अहो नको! पोलीस सांगून गेलेत, ठसेवाले येऊस्तोवर कशाला हात लावू नका म्हनून."

"ते तुम्हाला सांगितलं," मी जाकिटाकडं बोट दाखवून म्हणालो, "मी पोलिसांकडूनच आलोय."

बिचाऱ्या! जाकिटावर त्यांचा विश्वास बसला.

आणि मग मी काय काम केलं म्हणता! दोन्ही कप घासले, वरून फडक्यानं लखलखीत पुसले. साड्या घड्या करून कपाटात लावल्या. कपाटाची मूठ ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. जमिनीवर बुटाचा मातीचा ठसा उमटला होता, इतका स्पष्ट की कंपनीचं नाव वाचता यावं. तो फिनेल टाकून पुसला, दोनदा! तेवढ्यात घंटागाडी आली. पळत जाऊन पुड्या, पुडा आणि तुटकं कुलूप, सगळं टाकून आलो.

फक्त ते पातेलं राहिलं. करपलेलं हो! दोनदा नखानं खरवडून बघितलं, निघेना. मग इकडंतिकडं बघितलं आणि हळूच ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागं सरकवून दिलं. सगळं आपणच करायचं का?

तासाभरानं गायकवाड मॅडम, ठसेतज्ज्ञ आणि राणी नावाची कुत्री आली. राणी दारातून आत आली, फिनेलचा वास घेतला, सात वेळा शिंकली आणि बाहेर जाऊन बसली.

ठसेतज्ज्ञ पावडरचा ब्रश हातात घेऊन नुसतेच उभे. "मॅडम, अठरा वर्षं नोकरी झाली. असा चोर नाय पाहिला. लई टापटीप हाय!"

मी पुढं झालो. छाती काढून!

"चोर कसला साहेब? मी केलंय हे सगळं!"

ठसेतज्ज्ञांनी ब्रश पेटीत ठेवून दिला.

"काका," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "प्रशिक्षणाला होतात ना तुम्ही?"

"होतो की."

"दुपारच्या तासाला?"

त्या क्षणी नान-खलिया आठ दिवसांनी पचला. कौसल्याबाईंकडं बघायची हिंमत होईना. पंधरा दिवसांवर लग्न, आणि लेकीची बोरमाळ सापडायची जी काय आशा होती ती मी घंटागाडीत टाकून आलो होतो. मी तिथंच खाली बसलो आणि, खरं सांगतो, रडायला लागलो.

तर कौसल्याबाई उठल्या. तांब्याभर पाणी आणलं, माझ्याजवळ बसल्या, पाठीवरनं हात फिरवला.

"घ्या, पानी प्या. तुमची काय बी चूक नाय."

मी येऊन त्यांना म्हटलेलं वाक्य, जसंच्या तसं!

"चूक आहे," मॅडम तिकडून म्हणाल्या. "काका, रडताना आठवा. एखादी तरी गोष्ट राहिलीये का हात लावायची?"

आता कामचुकारपणा कबूल करायचा म्हणजे! पण बोरमाळ डोळ्यांपुढं आली. मी डब्यामागं बोट दाखवलं.

ठसेतज्ज्ञांनी पातेलं असं अलगद बाहेर काढलं, जणू बाळच. काठाखाली ठसे होते. त्यातले माझे वेगळे काढायला मला जीपमधून ठाण्यात नेलं, दहाही बोटांना शाई लावली. गल्लीत बातमी काय पसरली? "जाकीटवाले काकाच निघाले!"

पण ठसा जुळला. जुनाच चोर होता, साथीदारासह वैजापूरला सापडला, बोरमाळीसकट. लग्नात नातीच्या गळ्यात ती बघितली आणि मला पुन्हा रडू फुटलं. कौसल्याबाई सगळ्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत होत्या, "ह्यांनीच वाचवली. कप घासले, पन पातेलं घासलं नाय ना ह्यांनी!"

शेजारी आमची ही उभी. मला ठाण्यात नेल्याचं तिला ठाऊक होतं, पण हे घासाघाशीचं तिथंच पहिल्यांदा कळत होतं.

"म्हणजे कप घासले तुम्ही?" ती म्हणाली. "चाळीस वर्षांत माझा एक विसळला नाही, आणि चोरांचे घासले?"

तेव्हापासून घरची भांडी माझ्याकडं आहेत. हा तुमच्या हातातला कपही मीच घासलाय. पातेलं घासून झालं की ही ते उजेडात धरून फिरवून बघते आणि माझ्या हातात परत देते.

"पुन्हा घासा. तुमचे ठसे दिसतायत अजून."