चिमटीनं भरलेली ओटी

अख्खं दाभोळ तिला काकीच म्हणायचं. मुंबईतल्या आमच्या कुणाच्या घरी पाळणा हलला, की इकडे ग्रामदेवीपुढे पहिला नारळ तिचा!

त्या शिमग्याला देवीची पालखी आमच्या अंगणात आली. काकीचे थोरले दीर मुंबईत वारल्यापासून त्यांच्या घरचं कुणी गावी फिरकलं नव्हतं. यंदा त्यांचा मुलगा प्रथमच येत होता, आणि नेमकी बोट उशिरा! पालखी पुढच्या घरी गेली की त्याचा खांदा चुकणार.

काकी देवीची ओटी भरू लागली. तांदूळ घालायचे ओंजळीनं, ही घालत होती चिमटीनं!

पालखीचे मानकरी कातावले, "काकी, आटपा! देवी खोळंबलीय."

"देवी कसली खोळंबते! घाई तुम्हालाच. तिला तिचं लेकरू बघायचंय."

चिमटी चालूच. ढोल थांबले. आमचे डोळे बंदराकडून चढत येणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांवर. आणि आला की! बूट हातात, कोट खांद्यावर, घामानं निथळत.

"काकी, मी कुठं उभा राहू?"

"पुढच्या दांडीला! तुझ्या बापाची जागा ती."

त्यानं खांदा लावला, तशी काकीनं सुपातले उरलेले तांदूळ एकदम ओतले नि ओरडली, "झाली माझी ओटी! वाजवा रे!"