मामांनी वाचवलेला गुंड

माझ्या बायकोच्या मामांइतका कायदा पाळणारा गुंड अख्ख्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. नशिराबादला त्यांची केळीची बाग आहे, वय सत्तरीच्या पुढे, आणि आजवर त्यांनी कुणाच्या बांधावरची चिंचसुद्धा न विचारता तोडलेली नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "काही दिवस भडक काही पाहू नका," आणि मामांनी त्याचा अर्थ 'रंगीत पाहू नका' असा घेतला. त्यांच्या मुलाने टीव्हीवर जुने काळे-पांढरे अमेरिकन सिनेमे लावून दिले. ते सगळे गुंडांच्या जमान्यातले. त्यांतही मामांना आवडले ते वाया गेलेल्या पोरांच्या सुधारशाळेचे. उंच भिंत, छडीवाला वॉर्डन आणि पळून जायचा बेत करणारी पोरं. डोळे महिन्याभरात बरे झाले, मामा मात्र त्या शाळेतून काही सुटले नाहीत.

त्यांनी जळगावहून फेल्टची हॅट आणवली आणि ऐन मे महिन्यात ती घालून बागेत हिंडू लागले. केळीचा व्यापारी भाव पाडायला लागला की मामा तोंडाच्या कोपऱ्यात काडी धरून, डोळे बारीक करून त्याच्याकडे नुसतं पाहत राहायचे. एकदा तो बिचारा घाबरून मामींना म्हणाला, "अक्का, भाऊले बरं वाटत नही का?" सगळ्या जगाची त्यांनी दोन गटांत वाटणी केली होती, वॉर्डन आणि पोऱ्हे, म्हणजे पोरं. मी माझ्या मुलाला गणितावरून रागावलो त्या दिवसापासून मी वॉर्डनांत जमा झालो, ते फार दिवस तिथेच होतो. सिनेमातल्या पोराला अंधारकोठडीत टाकलं की मामा रडायचे आणि उठून घरातला पंखा बंद करायचे. का, तर त्या पोराला कुठे पंखा आहे? आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे फार झालं. मामी घाम पुसत म्हणायच्या, "आते सोडी द्या त्या पोऱ्याले, आन पंखा लावा."

मग मामांनी मनावर घेतलं, की यातला एक सिनेमा धुळ्याकडच्या मुलांच्या सुधारगृहात दाखवायचा. तिथल्या अधीक्षकबाई शिस्तीच्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी सरळ नाही म्हटलं. "सुधारगृहातल्या मुलांना सुधारगृहाचाच सिनेमा? शिवाय त्यात पिस्तुलं!"

मामा हॅट काढून हातात धरून म्हणाले, "बाई, असे पोऱ्हे बठ्ठ्या दुनियेत शेतस, आपणच एकटे नाही, एवढं त्यांना कळू द्या." मामा पुन्हा गेले, पुन्हा नाही ऐकून आले, आणि पुन्हा गेले. शेवटी बाई म्हणाल्या, "एकदाच. गोंधळ झाला तर पुन्हा इथे यायचं नाही."

गाडी माझी, म्हणून मीही गेलो. भिंतीवर पडदा लागला, मुलं सतरंजीवर बसली, सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला आवाज गेला. वायर हलवून पाहिली, स्पीकर थोपटून पाहिला. पडद्यावर वॉर्डन नुसता तोंड हलवत होता. मागून एक शिट्टी आली, मग चार. कुणीतरी कुणाला तरी ढकललं. अधीक्षकबाई सिनेमा बंद करायला बटणाकडे निघाल्या. मामांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

आणि एकदम ते पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. वॉर्डनने तोंड उघडलं आणि मामांच्या घशातून जाड आवाज निघाला, "काय रे पोऱ्या, भाकर काबरं चोरी?" सिनेमातल्या पोराने मान वर केली. मामा बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, तुमनी चटणी तिखी व्हती, नुसती कशी खासू?"

हॉल हशाने फुटला. पुढचा तासभर मामा वॉर्डन झाले, पोरं झाले, पोलिसांचा भोंगा झाले, कुत्राही झाले. त्या पोराचा थोरला भाऊ शहरातला मोठा गुंड. तो काळ्या मोटारीतून भावाला सोडवायला आला तेव्हा मुलं उभी राहून ओरडत होती. बाईंनी कुणालाही बसवलं नाही. शेवटी फाटकाशी त्या भावाला गोळी लागली. तो पडला आणि हॉल एकदम गप्प झाला. मामांनी समोरच्या तोंडांकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "पायले लागनी! वाचना!"

"मामा, मरी गया तो," पुढच्या रांगेतला एक किडकिडीत मुलगा म्हणाला. "त्याना तोंडवर पोलिसनी कोट टाकेल शे ना!"

"मच्छर चावतस म्हनीसन टाकेल शे!" मामा गरजले.

सगळा हॉल हसून लोळला. अधीक्षकबाई पदराने डोळे पुसत होत्या. मुलांनी मामांना घेरलं. तो किडकिडीत मुलगा त्यांचा हात धरून विचारत होता, "मामा, परत कवय येशात?" मामांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात या. आणि आवाज बंदच ठेवा."

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला जातो. मामांचे पोऱ्हे वाट पाहत असतात, आणि तो किडकिडीत मुलगा नेहमी अगदी पुढे बसायचा. गेल्या खेपेला तो दिसला नाही. बाईंनी सांगितलं, त्याची मावशी येऊन त्याला घरी घेऊन गेली. मामांचा आनंद काय वर्णावा! "सुटना! पोऱ्या सुटना!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली, पारोळ्याला चहाच्या टपरीवर ओळख नसलेल्या माणसांनाही चहा पाजला.

मग गाडीत बसल्यावर त्यांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. एरंडोल मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर पाहतच त्यांनी विचारलं, "जवाईबापू, त्यानी मावशीना घर टीव्ही व्हई ना?"

"असेल की, मामा," मी म्हणालो.