पाणी प्यालेल्या काठ्या

तार हातात पडली तेव्हा मी खांडबाऱ्याच्या डेपोत सागाच्या ओंडक्यांची मापं घेत होतो. तार सिमल्याहून आली होती, हरनामसिंगची. मजकूर एवढाच : सगळ्या काठ्या मोडल्या, मॅच गेली, हे कसलं लाकूड पाठवलंस?

मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो. तार पुन्हा वाचली. मजकूर काही बदलला नाही.

ह्या काठ्या कसल्या, ते आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, खांडबाऱ्यासारख्या स्टेशनातून सिमल्याला काठ्या पाठवणारा हा कोण वेडा! वेडा मी होतोच, पण त्याला कारण होतं.

आमची कंपनी लाकडाची. हेड ऑफिस मुंबईला. नोकरीची पहिली वर्षं मी सिमल्याच्या डेपोत काढली. तिथे देवदाराचं काम चाले. त्या गावात हिवाळ्यात एका सपाट मैदानावर संध्याकाळी पाणी सोडत. सकाळपर्यंत त्याचा आरसा व्हायचा. बुटांखाली पोलादी पाती लावून साहेब लोक त्यावर हॉकी खेळायचे. आपली मातीतली हॉकी नव्हे. इथे चेंडू नसतो, रबराची चपटी चकती असते. तिला पक म्हणतात. काठी लांब, आणि खालचं पातं सरळ, बर्फावर टेकून राहणारं. आपल्या हॉकीची वाकडी काठी तिथे कुचकामी.

मी कोकणातला माणूस. बर्फ पाहिला होता तो फक्त सरबतात. पहिल्या दिवशी त्या मैदानावर असा आपटलो की हरनाम अर्धा तास हसत होता. हरनामसिंग म्हणजे आमच्याच डेपोतला माझा सोबती. सरदार, उंचापुरा, आणि हसला की गल्ली गोळा होईल असा. पण हळूहळू पाय बसला. मग मात्र मी त्या खेळाच्या असा काही नादी लागलो की विचारू नका. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांना सुतळी गुंडाळून आम्ही ऑफिसातल्या कारकुनांची आणि बाजारातल्या पोरांची टीम उभी केली. साहेब लोक उतरायच्या आधी, उजाडता उजाडता आम्हाला मैदान मिळायचं. हिंदी माणसांची बर्फावरची टीम तोवर त्या गावाने पाहिली नव्हती.

आणि ऐन रंगात आल्यावर माझी ट्रान्सफर झाली. कुठे? तर पश्चिम खानदेशात, खांडबाऱ्याला. उन्हाळ्यात जिथे लोखंडी बिजागरीला हात लावला तर पोळतो, तिथे!

तक्रार नाही करत. गाव चांगलं, माणसं चांगली. स्टेशन होतं, बाजार होता, आजूबाजूला जंगल. कंपनी जंगलखात्याच्या लिलावात कूप घ्यायची. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तिथला माल डेपोत आणायचा, मापायचा, वॅगनीत भरून सुरतेकडे रवाना करायचा. काम जमत होतं. पण डेपोत करवत चालू झाली की कामातून माझं लक्ष उडायचं. बर्फावरून पोलादी पातं वळताना अगदी तसाच खर्रर आवाज होतो. मी माप घेता घेता थांबायचो. कारकुनाला वाटायचं, साहेब हिशेब करतायत. हिशेब कसला! मी सिमल्यात असायचो.

मग युद्ध आलं. विलायती काठ्या बोटीतून यायच्या, त्या बंद झाल्या. हरनामने कळवलं, जुन्या काठ्या संपत आल्या, ह्या हिवाळ्यात टीम उतरेल असं वाटत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात धामण आली. धामण म्हणजे साप नव्हे, त्याच नावाचं झाड. लाकूड चिवट, वाकतं पण मोडत नाही. आमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच असायचे. आणि कूपात धामण भरपूर होती.

जनरल मॅनेजर पेस्तनजी शेठ डेपो तपासायला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. पारशी गृहस्थ, पोट मोठं, डोकं त्याहून मोठं. ऐकता ऐकता त्यांनी सोडा संपवला.

"दीकरा, ह्यात धंदा आहे का वेड आहे?"

"दोन्ही आहे, शेठ. पहाडात गोरी पलटण सुट्टीवर येते. तिलाही काठ्या हव्या आहेत."

"बनव मग. काठी चालली तर सिमल्याला आपण स्पोर्ट्सचं डिपार्टमेंट काढू."

"आणि तिकडचं बघायला कोण?"

"तू. दुसरा कोण ह्या गांडपणात पडणार?" गुजरातीत ह्याचा अर्थ नुसता वेडेपणा. पण मराठी बायकांसमोर शेठ तो शब्द टाळायचे.

त्या दिवशी मी घरी आलो तो उडतच. बायकोला म्हटलं, "परत चाललो!" ती म्हणाली, "आधी काठी तर होऊ द्या." बायकोचं हे नेहमीचंच. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी काठी म्हणजे सिमल्याचं तिकीट झालं. दुसरं काही सुचेना.

डेपोत झिपरू मिस्तरी होता. गाडे बांधणारा सुतार, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. मी त्याच्यापुढे चित्र काढलं. लांब दांडा, खाली सरळ पातं, दोघांचा सांधा पाचरीने बसवायचा.

"साहेब, हाई काय शे? वखर शे का?"

"वखर नाही रे. खेळायची काठी. बर्फावर उभं राहून खेळतात."

"बरफवर गडी उभा ऱ्हास?" त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "सांगा ना बाप्पा, आखो काय सांगतस ते सांगा!"

त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण काठ्या त्याने अशा केल्या की डोळ्यांचं पारणं फिटावं. धामणीचे दांडे, सांधा घट्ट, पातं गुळगुळीत. पत्रा लावलेल्या पेटीत भरून पार्सलने रवाना केल्या. आणि मग ती तार आली.

मी मिस्तरीला बोलावलं. तार वाचून मराठीत सांगितली. तो लालेलाल झाला.

"मन्हा सांधा तुटाव नही, साहेब! मी काय आजना सुतार शे का?"

"अरे, पण तुटला ना!"

"कसा तुटी? पाठाडाना आगे मी त्यासले पानी पाजी दिधं व्हतं. रातभर हौदमा ठेयेल व्हतात. वरथून ओला गोणपाट बांधा."

मी तार खाली ठेवली.

आमच्या भागात हा रामबाण उपाय. उन्हाळ्यात गाड्याचं चाक वाळतं, सांधे ढिले पडतात, वरची लोखंडी धाव खडखडते. मग गाडीवान गाडा नदीत नेऊन उभा करतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, चाक घट्ट होतं. ह्याला चाकाला पाणी पाजणं म्हणतात. मिस्तरीने काठ्यांना तेच केलं. जाताना काठी वाळू नये म्हणून मायेने पाणी पाजलं. माझ्यासमोर केलं असतं तरी मी मान डोलावली असती. इतकी वर्षं इथे राहून माझंही डोकं इथलंच झालं होतं. पाणी आणि लाकूड यांचं वैर असू शकतं, हे खानदेशात सुचायचं कुणाला?

पण बर्फाच्या गावात पाणी म्हणजे सुरी. ओल्या काठ्या हरनामने व्हरांड्यात ठेवल्या असणार. सांध्यातलं पाणी गोठलं असणार. गोठताना पाणी फुगतं, आणि फुगताना कुणाची भीड ठेवत नाही.

असणार, असणार म्हणून शेठ ऐकले नसते. खात्री करायला हवी होती. मी सुरतेहून बर्फाची एक लादी मागवली. भुसा आणि गोणपाटात बांधून ती पॅसेंजरने आली. स्टेशनमास्तर म्हणाला, "लग्न आहे का घरी?"

डेपोच्या शेडमध्ये आम्ही गोणपाट सोडलं. निम्मी लादी वाटेतच वितळली होती. उरलेली पाट-दोन पाटांएवढी. धूर निघावा तशी तिच्यातून वाफ निघत होती.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बूट काढले, मोजे काढले, आणि त्या लादीवर उभा राहिलो.

हमाल थांबले. कारकून थांबला. मिस्तरी ओरडला, "साहेब, पाय भाजी! उतरा!"

मी उतरलो नाही. खालून कळ पार गुडघ्यापर्यंत आली. डोळे मिटले. दोन पावलं सरकायला जागा नव्हती, तरी एक पाय मी जरासा पुढे ढकलला. तो सरकला. एवढंसं सरकणं, पण ते सिमल्याच्या मैदानावरचं होतं. मला तिथे जायचं होतं. लहान मुलाला घरी जायचं असतं ना, तसं जायचं होतं. बाकी पगार, हुद्दा, सगळं चुलीत गेलं तरी चाललं असतं.

"उतरतस का आते?" मिस्तरी हळूच म्हणाला. मग मी उतरलो.

लादी फोडून पत्र्याच्या पेटीत घातली. वर मीठ ओतलं. आइस्क्रीमच्या भांड्यात घालतात तसंच. मीठ पडलं की बर्फ आणखी थंड होतो. त्यात पाणी पाजलेली एक काठी पुरली आणि दिवसभर तशीच राहू दिली. संध्याकाळी बाहेर काढून मिस्तरीच्या हातात दिली.

"मार ओंडक्यावर."

त्याने मारली. फाट्कन सांधा उकलला. पातं उडून भुशात पडलं. मिस्तरीने उकललेला सांधा डोळ्यांजवळ नेला. आत पांढरी चकाकी होती.

"पानीनं काच व्हई गयं," तो म्हणाला. मग त्याने भुशातलं पातं उचलून आणलं. त्याचा हातखंडा उपाय त्याच्यावरच उलटला होता.

"मंग काय पाजू?" शेवटी त्याने विचारलं. "सुकं लाकूड तं ढिलं पडस."

"तेल पाज. जवसाचं."

"तेलनं सांधा फुगाव नही, साहेब."

"मग सरस लावून चिकटव. पण पाण्याचा थेंब नको."

आम्ही दोघेही अंधारात चाचपडत होतो. पहिल्या वेळी सरस नीट बसला नाही. दुसऱ्या वेळी लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. पत्र्याच्या शेडखाली उन्हाळाभर दांडे वाळवले. इथलं ऊन पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं. मग सरस, मग तेल, पुन्हा तेल. झिपरूची बायको म्हणाली म्हणे, घरात भाजीला तेल नाही आणि हा लाकडाला पाजतो.

शेवटच्या परीक्षेला पेस्तनजी शेठ स्वतः आले. पेटीतून गारठलेली काठी काढून त्यांनी कोट काढला आणि ओंडक्यावर असा तडाखा दिला की शेठच कळवळले. काठी साबूत. पुन्हा मारली. साबूत.

"दीकरा," ते मनगट चोळत म्हणाले, "हाथ तुटला, लाकडी नाय तुटली!"

त्या हिवाळ्यात काठ्या गेल्या. हरनामची तार आली : एकही मोडली नाही. टीम उतरली, जिंकली. आता दुसरी टीमही होतेय, आणखी पाठव. मी ती तार मिस्तरीला वाचून दाखवली. त्याने ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "म्हंजे खरंच बरफवर उभा ऱ्हातस ते!"

पुढल्या वर्षी दुसऱ्या पहाडी गावांतूनही मागणी आली. शाळांतली मुलं खेळायला लागली. विलायती काठी ज्याला परवडत नव्हती, त्याच्या हातात आमची धामण आली. हरनाम म्हणायचा, ह्या देशात हा खेळ साहेबाच्या हातून सुटून आपल्या हाती आला तो खांडबाऱ्याच्या काठीमुळे. अतिशयोक्ती करायची त्याला सवय होती. पण पोरं खेळत होती, हे खरं.

घरी ट्रंका निघाल्या. बायकोने लोकरीचे कपडे उन्हात घातले. शेजारणी विचारायच्या, "कोन आजारी शे का घरमा?"

आणि शेठ आले. सिमल्याचं डिपार्टमेंट मंजूर झालं होतं. मी ऑर्डरची वाट बघत उभा.

"तिकडे मुंबईचा एक पोरगा पाठवतो," शेठ म्हणाले.

"शेठ, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिलेला. पण अक्कल चालव. तिकडे फक्त विकायचं आहे, ते कोणी पण करेल. लाकूड इकडे. मिस्तरी इकडे. तेल किती, सरस किती, ते तुझ्या डोक्यात. तू गेला तर काठी कोण बनवणार?"

"मिस्तरी बनवेल."

"आणि मिस्तरीने पुन्हा पाणी पाजलं तर?"

शेठ वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं, हेच तर दुःख! माझा पगार वाढवला, खांद्यावर हात ठेवला, आणि पॅसेंजरने निघून गेले. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो, गाडी दिसेनाशी झाली तरी उभाच.

मग मी रिटायर होईपर्यंत खांडबाऱ्यातच राहिलो. हरनाम दरवर्षी बोलवायचा. दरवर्षी हिवाळ्यातच आमचा सीझन असायचा. कूपाची तोड तेव्हाच, काठ्यांची रवानगीही तेव्हाच. रजा मिळाली ती ऐन उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात त्या मैदानात नुसती धूळ असते. पुढे हरनाम गेला. गुडघे गेले. आता कुणी बोलावलं तरी उपयोग नाही.

वाईट वाटतं का? वाटतं. इतक्या वर्षांनी अजून वाटतं. आमच्या डेपोतून गेलेली प्रत्येक काठी बर्फावर पोचली. मी तेवढा राहिलो.

नव्याने नोकरीला लागलेली पोरं सल्ला विचारायला येतात, त्यांना मी एवढंच सांगतो. ज्या गावातून बदली हवी असेल, तिथे आपल्यावाचून अडेल असं काम करू नये. हौसच असेल तर ऑर्डर हातात पडेपर्यंत ते जरा वाईट करावं. मला ते जमलं नसतं. वाईट काठी गेली असती तर तिकडे हरनामची पोरं पुन्हा मैदानाच्या काठावर नुसती बघत उभी राहिली असती.