दमणीपेक्षा उंच

ज्याच्यावर आत्याचा राग असे, त्याचं नाव ती घेत नसे. नाव काढून घ्यायची आणि त्या माणसाला त्याच्या गुन्ह्यानंच ओळखायची. आमच्या बांधावरचे आंबे गुपचूप उतरवून नेणारे सदाशिवराव तिच्या तोंडी 'आंबेवाला' झाले, ते पुढल्या उन्हाळ्यात त्यांनी पाटीभर आंबे आमच्या ओट्यावर आणून ठेवीपर्यंत. कुठल्याशा लग्नात तिला मागच्या पंगतीला बसवणारी एक विहीण तर 'मागच्या पंगतीची' म्हणूनच वारली. उट्टं निघालं की नाव परत मिळे, आणि मिळे तेही मानासकट. गावातली माणसं तिच्याशी बोलताना आधी कानोसा घेत, आपलं नाव जागेवर आहे ना म्हणून.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच कपाळ पांढरं करून माहेरी परत आलेली. माझी आई मी रांगत असतानाच गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. वडील शेतात, आणि घरात आत्याचं राज्य. नागपूरच्या सरकारचं राज्य वऱ्हाडावर होतं म्हणतात, पण आमच्या अंगणात त्याचं काही चालत असेल असं मला लहानपणी कधी वाटलं नाही.

आमचं गाव देऊळघाटच्या वाटेवर, बुलढाण्याहून दोनेक कोसांवर. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर बुलढाण्याला जायचं, आणि मुलींमध्ये जाणाऱ्या आम्ही दोघीच निघालो. एक मी आणि दुसरी देशमुखांची कमळ. कमळला सोडायला देशमुखांची दमणी जाई. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. गडीमाणसाबरोबर पोरीला एकटं धाडायचं नाही म्हणून तिची आई गोदाकाकू रोज सोबत बसत. दोघी मायलेकी आणि भरपूर मोकळी जागा. आत्या सरळ त्यांच्या वाड्यावर गेली आणि म्हणाली, "वैनी, आमच्या इंदूलेबी नेत जा."

गोदाकाकू गोड हसल्या. "जागा हाये आक्का, पन बैलाले वझं होते."

मी तेव्हा नऊ वर्षांची, वाळल्या तुरीच्या काडीसारखी. आत्या घरी आली, चुलीपुढं बसली आणि वडिलांना म्हणाली, "दमणीवाली म्हंते, बैलाले वझं होते." गोदाकाकूंचं नाव त्या क्षणी गेलं.  वडील म्हणाले, "एवढ्या लांब रोज पायी कशी जाईन पोरगी? राहू दे शाळा." आत्या म्हणाली, "शाळा राहनार नाही. यंदाच्या कापसावर सायकल येईन."

खरेदीच्या आदल्या दिवशी ती ताक मागायच्या निमित्तानं वाड्यावर गेली. दमणी अंगणात उभी होती. आत्यानं कमरेची सुतळी काढून जमिनीपासून दमणीच्या कठड्यापर्यंत माप घेतलं, वर काकूंच्या धडाचा आणि अंबाड्याचा अंदाज धरला आणि तिथं गाठ मारली. ताक न घेताच परत आली.

बुलढाण्यात करीमभाईंचं सायकलींचं दुकान होतं. त्यांनी माझ्याकडं बघून एक लहानशी सायकल पुढं केली. लाल रंगाची, माझ्या कमरेएवढी. माझा जीव तिच्यावर जडला. आत्यानं मला तिच्यावर बसवलं, सुतळीचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं वर ताणलं. गाठ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. "हे नाही. थे मोठी काढा."

ती पुरुषमाणसाची सायकल होती, काळी, मध्ये आडवा दांडा असलेली. करीमभाईंनी मला उचलून सीटवर ठेवलं. पाय हवेत लोंबत होते, पण डोकं गाठीच्या वर गेलं होतं. आत्याचा चेहरा फुलला.

"बाई, बच्ची के पाँव नहीं पहुँचते," करीमभाई काकुळतीनं म्हणाले. "गिर पडेगी."

"पाय वाढतीन," आत्या म्हणाली. "दमणी वाढनार हाये का?"

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. सायकल तिनं बापजन्मी चालवलेली नव्हती, त्यामुळं पाय पुरत नसले तर पोरगी सीटवर बसतच नाही हे तिला ठाऊक नव्हतं. मी खळ्यात शिकले ती कैची. दांड्याखालून एक पाय पलीकडं घालायचा, अंग वाकडं करून एका बगलेत सीट धरायची आणि अर्धे अर्धे पायडल मारत जायचं. परकर साखळीत अडके म्हणून आत्यानं वडिलांचं जुनं धोतर फाडून मला तुमान शिवून दिली. लुगड्याचा काष्टा खोचून ती माझ्या मागं धावे, आणि मी पडले की आधी सायकल उचले, मग मला. माझे गुडघे त्या दिवसांत कधी कोरडे नव्हते.

शाळेच्या पहिल्या दिवशी दमणी मागून आली आणि माझ्या बरोबरीला लागली. मी दांड्याला चिकटलेली, डोकं चाकाच्या जरा वर. गोदाकाकूंनी खाली वाकून पाहिलं आणि गाडीवानाला म्हणाल्या, "काऊन रे, सायकल एकटीच चालून राह्यली का? पोरगी कुठी हाये?" कमळसुद्धा हसली. मी शाळेपर्यंत रडत गेले. लाल सायकल घेतली असती तर निदान बसता तरी आलं असतं, असं संध्याकाळी मी आत्याला ओरडून सांगितलं.  तिनं भाकरी अशी थापली की परात वाजली.

दुसऱ्या दिवसापासून माझे पाय वाढवायचं काम सुरू झालं. रोज सकाळी तिळाच्या तेलानं मालीश. रोज दिवेलागणीला चिंचेच्या फांदीला लोंबकळायचं. मी खाली उतरू का विचारलं की आत्या म्हणे, "दमणीवालीचं तोंड आठव आन लटक." मी आठवायची आणि लटकायची. खरं सांगते, त्या तोंडानं माझ्या हातांत जेवढं बळ आलं तेवढं दुधानं आलं नाही. आज लोक मुलांना शिकवतात, मनात काही ठेवू नये. मी ठेवलं, आणि त्यावर मी वाढले.

दीड-दोन वर्षांनी, पायडलला सुताराकडून ठोकळे बसवून, माझे पाय पुरले. त्या सकाळी आत्यानं मला वेशीपर्यंत पोचवलं आणि बजावलं, "पुढं काढू नको. पुढं गेली तर तिले तुही पाठ दिसन. बरोबरीनं चाल. तिले वर पाहू दे." मी तसंच केलं. बैलांच्या चालीनं, दमणीला लागून, ताठ बसून चालले. गोदाकाकूंनी डावीकडं पाहिलं, मग मान वर करून पाहिलं. मी घंटी वाजवली. कारण नसताना वाजवली. त्या घंटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि अजून तितकाच गोड लागतो.

मग वार्षिक परीक्षेच्या सकाळी देशमुखांच्या दमणीचा आस मोडला. गोदाकाकू धापा टाकत आमच्या ओट्याशी आल्या, मागं कमळ रडवेली. "आक्का, इंदूच्या मांगं बसवा वं हिले. पेपर बुडते पोरीचा."

आत्या दळण पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मी निघायची थांबले, कारण ती काय म्हणणार हे मला माहीत होतं आणि तिनं ते म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"जागा हाये," आत्या सावकाश म्हणाली, "पन सायकलीले वझं होते."

काकूंची मान खाली गेली. आत्यानं ती खाली गेलेली मान डोळे भरून पाहिली. घाई केली नाही. मग माझ्याकडं वळली. "बसव वं तिले मांगं, उशीर होते." आणि काकूंना म्हणाली, "बसा गोदावैनी. च्या घ्या." नाव परत मिळालं होतं. काकूंना त्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे, त्या पदरानं डोळे पुसत बसल्या.

दमणी पुढं दुरुस्त झाली, पण आत्या कमळला परत दमणीत बसू देईना. "आमच्या सायकलीवर जागा हाये ना," म्हणून रोज आग्रहानं बसवी, आणि गावभर लोक पाहत तेव्हा वेशीत उभी राही. चढावर मी हाशहुश करायची. कमळ माझी जिवाभावाची मैत्रीण झाली ती त्या कॅरियरवर.

शिकून मी मास्तरीण झाले आणि मला लांब डोणगावची शाळा मिळाली. आत्याच्या मनात होतं, मी बुलढाण्यात शिकवावं आणि रोज सायकलीनं घरी यावं. मी सायकल मोटारीच्या टपावर टाकली तेव्हा ती वेशीपर्यंत आली नाही. पुढं तिचा निरोप आला तो कमळकडून: "डोणगाववालीले सांगजो, सायकल नेली आन मले ठिवलं." माझं नाव गेलं होतं. सणाला गेले की पुरणपोळी वाढे, माझ्या अंगावरून हात फिरवी, आणि वडिलांना विचारी, "डोणगाववाली अजून एक घेईन का?" मला हसू येई. तिचा राग होता तोवर मी तिची होते.

ती आजारी असल्याचं कळलं तशी मी धावत गेले. खाटेवर उरलंसुरलं माणूस होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. मी तिच्या कुशीशी पाय वर घेऊन बसले तर तिचा हात चाचपत माझ्या पावलांवर आला.

"इंदू," ती म्हणाली, "पाय पुरते का वं आता?"

इतक्या वर्षांनी माझं नाव ऐकलं आणि मी तिचा हात धरून ठेवला. आत्या नाव परत कधी देते ते मला माहीत होतं: हिशेब मिटला की.

"पुरतात, आत्या."

"मंग झालं," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

डॉक्टरांनी तिच्या आजाराला एक नाव दिलं होतं. ते मी आजवर घेतलेलं नाही. घरात कुणी काढलं तर मी उठून जाते, आणि बोलायची वेळच आली तर 'आत्याला नेणारा' एवढंच म्हणते. त्याचं नाव मी त्याला परत देणार नाही.